शनिवारचा शेठ

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराशिवाय कुणी कधी काही लिहिलेलं नाही, आणि ते पेपरही मीच लिहिले आहेत. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मराठीच्या मॅडमनी 'मला घडवणारी व्यक्ती' हा विषय दिला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आईवर लिहायचं ठरवलं. मी डोंगरदिवे सरांचं नाव सांगितलं आणि सांगून खाली बसल्यावर मला घाम फुटला. ज्या माणसाबद्दल लिहायचं तो चांगला होता की वाईट, एवढी तरी आपली खात्री पाहिजे. माझी नाही. आमच्या पाड्यावर आजही विचारलं तर निम्मी माणसं सांगतील, तो मास्तर पोरं विकायला आला होता. उरलेली सांगतील, तसं काही नव्हतं. पण सांगण्याआधी आजूबाजूला बघतील.

तरी लिहितो. सर विज्ञान शिकवायचे आणि प्रयोग लिहिताना एक गोष्ट फार कडकपणे पाळायला लावायचे. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं लिहायचं, ऐकलेलं वेगळं लिहायचं. दोन्ही एकत्र केलं की ते पानावर मोठी फुली मारायचे. इथेही मी तसंच करायचा प्रयत्न करतो. चुकलं तर मोठ्या मनाने घ्यावं.

आमची शाळा तलासरीहून आत, हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मागच्या टेकाडावर चढलं की मोबाईलवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज येतो. दहावीनंतर आपलं काय होणार हे आम्हाला आठवीपासून माहीत असायचं. सकाळी हायवेच्या फाट्यावर कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात. त्यात बसून कुणी हद्दीपलीकडे पॅकिंगला जातं, कुणी डहाणूकडे चिकूच्या वाडीत, कुणी खलाशी होऊन बोटीवर. शाळा त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. शाळा म्हणायची, खूप शिका, मोठे व्हा. निरोप समारंभात प्रत्येकाला एक पेन द्यायची. ते पेन खिशाला लावून मुलं गाडीत बसायची.

सर आले तेव्हा मी नववीत होतो. बुलढाण्याकडचे. सडपातळ, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशाला वरून सेफ्टी पिन. खिशातून कुणी काही काढू नये म्हणून. मोटरसायकलला हँडलचं कुलूप आणि वर साखळीचं दुसरं कुलूप. आमच्याकडे तेव्हा घरालाही कुलूप लावणारी माणसं थोडी होती, त्यामुळे शाळेच्या पटांगणात दोन कुलपांची ती गाडी बघायला पहिलीचीसुद्धा पोरं यायची.

सरांचा सगळ्यात आवडता शब्द 'काहून'. म्हणजे का, कशासाठी. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की उद्या सुट्टी, की अख्खी शाळा ओरडायची आणि सर एकटे म्हणायचे, "काहून?" कुणी पेढे आणले की काहून. कुणी अचानक नमस्कार केला की काहून. मुलगा पोटात दुखतंय म्हणाला तर सर त्याला उभं करायचे.

"कुठं दुखते? बोटानं दाखव."

मुलगा दाखवायचा.

"बरं. आता डोळे मिटून दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखव."

बहुतेक वेळा दुखणं तोवर दुसऱ्या बाजूला गेलेलं असायचं आणि वर्ग हसून लोळायचा.

पुस्तकावरही त्यांचा भरवसा नव्हता. पाणी शंभर अंशाला उकळतं हे आम्ही पाठ म्हणून दाखवलं, तर म्हणाले, "कोणी पाहिलं?" मग स्टोव्ह आणला, तापमापी आणली. आमच्या शाळेतलं पाणी शंभराच्या आधीच उकळलं. आम्ही घाबरलो, आपलं काहीतरी चुकलं म्हणून. सर मात्र खूश दिसले. "आता तीन संशयित आहेत," ते म्हणाले. "पुस्तक, पाणी आणि ही तापमापी. शोधा."

आठवड्याच्या बाजारात त्यांना पाहणं हा आमचा करमणुकीचा कार्यक्रम होता. चिकूवालीच्या टोपलीतलं वरचं फळ त्यांनी कधी घेतलं नाही. "मावशी, वरचे राहू द्या. तळातला एक काढून कापा."

एकदा ती मावशी वैतागली. "मास्तर, बायको पण अशीच तळातून काढून बघितली काय रे?"

"नाही बघितली ना मावशी," सर म्हणाले. "म्हणून तर आता चिकू बघून राहिलो."

सगळा बाजार हसला. सरांना बायको होती का, कुठे होती, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. गावी फारसे जात नसत. या गोष्टीची आमच्याकडे पहिल्यापासून चर्चा होती. एकटा माणूस एवढ्या लांब येतो तो उगाच येत नाही, असं आमचे लोक म्हणायचे. तेही एक प्रकारे काहूनच म्हणत होते.

आता शनिवारबद्दल.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास कार्यानुभवाचा. त्या तासाला आधी आम्ही कागदी फुलं करायचो. सरांनी फुलं बंद केली. पहिल्या शनिवारी ते वर्गाबाहेर गेले आणि परत आले ते दुसराच माणूस होऊन. डोळ्याला काळा चष्मा, गळ्यात जत्रेतली पिवळी साखळी, तोंडात बडीशेप. खुर्चीत मागे रेलून बसले आणि पाय टेबलावर टाकले.

"आवो आवो, बेसो. दसमी पास? बहु सरस! रेहने का, खाने का, सब कंपनी का. महिने को इतना मिलेगा के बाप देखता रहेगा. काय नाव तुझा, बेटा?"

आवाजसुद्धा त्यांचा नव्हता. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायचे, त्याच्या गावातल्या कुणाचं तरी नाव घ्यायचे, चहा मागवायचे. खोटा चहा, पण मागवायचे खऱ्यासारखा. आणि माणूस नीट विरघळला की अगदी सहज म्हणायचे, "दाखला लावला छे? आपो. ओरिजिनल. झेरॉक्स नहीं चाले."

ज्याने शाळा सोडल्याचा मूळ दाखला दिला तो नापास. दाखल्याच्या जागी आम्ही वहीचा कोरा कागद धरायचो, तरी हातातून कागद जायचाच. मी पहिल्याच शनिवारी दिला. सरांनी तो घडी करून खिशात टाकला, वर पिन लावली आणि चष्मा काढून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता हा पोट्टा दिवाळीला घरी येईल का? नाही येत. काहून? याचा दाखला माह्या खिशात आहे."

माझ्या पाड्यावरची दोन मुलं तेव्हा खरोखर दिवाळीला आली नव्हती.

शेठला हरवणारी पहिली मुलगी संगीता. आमच्या शेजारच्या देवजीकाकाची मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार. तिची पाळी आली तेव्हा ती खुर्चीवर बसलीच नाही.

"बेसो, बेटी."

"उभी बरी आहे, शेठ. कंपनीचा बोर्ड रस्त्यावरून दिसतो का?"

"दिखता है, दिखता है."

"आमच्या गावातली कोण काम करते तिथं? तिचा नंबर द्या, मी आत्ता लावते."

"फोन अलाउड नहीं है कंपनी में."

"मग रात्री खोलीवर तरी असेल ना फोन? खोलीला कडी आतून आहे का बाहेरून?"

शेठने टेबलावरचे पाय खाली घेतले. मग चष्मा काढून सर म्हणाले, "हं. पुढचा." कौतुक करायची त्यांची हीच रीत होती.

हे चांगलं चाललं होतं. एका शनिवारी संगीताचा चुलता तिला लवकर न्यायला आला आणि वर्गाच्या खिडकीखाली थांबला. आतून त्याला ऐकू आलं, "चार लडकी चाहिए. पंदरा-सोळा वरसनी. राहण्याची फिकर नहीं." तो वर्गात आला नाही. पाड्यावर गेला आणि दहा-बारा माणसं घेऊन आला.

सर तोवर शेठच होते. गळ्यात साखळी होती. माणसं दारात उभी राहिली तेव्हा सरांनी गडबडीने साखळी काढायचा प्रयत्न केला आणि ती कॉलरला अडकली. ते दिसायला फार वाईट दिसलं. चोर सापडल्यासारखं.

"नाटक आहे, नाटक आहे," आम्ही ओरडलो. मुख्याध्यापक धावत आले. त्यांनी समजावलं, आम्ही समजावलं, शेठ आणि मुलगी यांचा प्रसंग पुन्हा करून दाखवला. काही माणसं हसलीसुद्धा. देवजीकाका हसला नाही. त्याने सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "नाटक हाय, बरं. पण मास्तर, तुला हा एवढा बरोबर कसा येतो?"

आमच्या बोलीत मोठ्या माणसालाही तूच म्हणतात. सरांना ते लागलं नसावं. पण प्रश्न लागला. ते साखळी हातात गोळा करत राहिले.

तो प्रश्न मग माझ्याही डोक्यातून जाईना. त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. ही पाहिलेली आहे, ऐकलेली नाही. कंपनीच्या गाडीतून एक जाड माणूस उतरला आणि सरांकडे बघून हात वर करून ओरडला, "अरे सुपरवायझर! तुम इधर?" सर म्हणाले, "आप गलत समझ रहे हैं," आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. चिकू न घेताच. तो माणूस तिथेच उभा राहून हसत डोकं हलवत होता. मी हे घरी सांगितलं नाही. पण शनिवारी शेठ आला की मला तो जाड माणूस आठवायचा, आणि शेठचा चष्मा सरांनी कुठल्या दुकानातून घेतला असेल असले विचार यायचे.

दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतरचा शनिवार. सरांना मतदार याद्यांच्या कामाला पाठवलं होतं. मुख्याध्यापक डहाणूला मीटिंगला गेले होते. शेवटच्या तासाला शिपायाने एका बाईंना वर्गात आणून सोडलं. पंजाबी ड्रेस, खांद्याला काळी पर्स, पायात पांढरे बूट.

"मुलींनो," बाई म्हणाल्या. त्यांच्या मराठीला गुजराती हेल होता. "आमच्या हॉस्पिटलमध्ये रुग्णसेवेचा दोन वर्षांचा कोर्स असतो. दहावी पास मुलींसाठी. राहणं-खाणं सगळं मोफत."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. "सरांनी या वेळी बाई पाठवली."

तेवढ्यावरून सगळ्या वर्गाला कळलं. आम्ही सरसावून बसलो. संगीता उभी राहिली.

"मॅडम, मोफत काहून?"

"आमचा ट्रस्ट आहे ना. ट्रस्ट खर्च करतो."

"ट्रस्टला काय मिळतं?"

"त्यांना... सेवा करायची असते, बेटा."

'बेटा' शब्दावर वर्गात आणखी हसू फुटलं. बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, तर एक मुलगा म्हणाला, "ते झेरॉक्सवाल्याकडे छापून मिळतं, मॅडम. फाट्यावर दुकान आहे."

"बोर्ड रस्त्यावरून दिसतो का?" संगीताने विचारलं.

"हो, मोठा बोर्ड आहे."

"आमच्या गावातली कोण आहे तिथं?"

"तुमच्या गावातली अजून कुणी नाही. म्हणून तर मी आले."

"म्हणजे पहिली मीच जायची आणि बघायचं, परत येते का ते?"

टाळ्या पडल्या. बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्या थांबल्या. म्हणाल्या, ठीक आहे, ज्यांना विचार करायचा असेल त्यांनी नववीच्या गुणपत्रिका दाखवा, मी नावं लिहून घेते. झेरॉक्स नसेल तर ओरिजिनल बघूनही चालेल.

"ओरिजिनल नाही!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. दोन-तीन मुलं बाक वाजवायला लागली.

"घरी आलेल्या पाहुण्यांशी तुम्ही असंच बोलता का?" बाईंनी विचारलं.

"पाहुणे काही मागत नाहीत, मॅडम," संगीता म्हणाली.

बाईंनी पर्स बंद केली. दारात वळून त्या संगीताला म्हणाल्या, "तुझं नाव काय?"

"ते पण देणार नाही."

आम्ही तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

सोमवारी सर आल्या आल्या आम्ही त्यांना गाठलं. सर, तुमची बाई हरली. सर, संगीताने तिला दारापर्यंत पोचवली. सर ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "पांढरे बूट होते?"

"हो सर!"

सर पुढच्या बाकावर बसले. मुलांच्या बाकावर. गुडघे वर आले होते.

"ती खरी होती रे बाप्पा," ते म्हणाले. "मीच बोलावली होती तिले."

सुट्ट्यांमध्ये फिरून त्यांनी हद्दीपलीकडचं ते हॉस्पिटल शोधलं होतं. दोनदा न सांगता जाऊन आले होते. आणि आम्हाला, मुख्याध्यापकांना, कुणालाच बोलले नव्हते. बोललं तर मध्येच कुणीतरी आपल्या ओळखीची नावं घुसवील, असा त्यांना संशय होता.

संगीता उभी होती. तिला ते हवं होतं. पावसाळ्यातही बंद पडत नाही असं काम हवं, असं ती माझ्या बहिणीला नेहमी सांगायची. देवजीकाकाने दहावीनंतर तिला डहाणूला आत्याकडे चिकूच्या वाडीत धाडायचं ठरवलं होतं, आणि तिथून पुढे लग्नच होतं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "सर, आम्हाला सांगितलं काहून नाही?"

सरांनी खिशाची पिन काढली आणि मोबाईल बाहेर घेतला.

त्यांनी बाईंना फोन केला. त्या वर्षीच्या जागा दुसऱ्या शाळेला देऊन झाल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या. म्हणजे संगीताला एक वर्ष घरी थांबवायचं, अकरावीला घालायचं, आणि त्यासाठी देवजीकाका राजी व्हायला हवा.

सर त्याच्या घरी आले तेव्हा मी आमच्या ओट्यावर होतो. मधे फक्त कुडाची भिंत आहे, त्यामुळे हे पाहिलेलं आणि ऐकलेलं दोन्ही आहे.

"मास्तर, तू बोलतोस चांगला," देवजीकाका म्हणाला. "पण तो तुझा शेठ पण चांगलाच बोलं."

"हाव," सर म्हणाले. "म्हणून माझ्यावर भरवसा ठेवूच नका. तुम्ही स्वतः जा. न सांगता जा. मी संगं येत नाही. मी आलो तर ते सजवून दाखवतील."

"जाऊन कोणाला विचारू? डॉक्टर माझेशी बोलंल?"

"डॉक्टरले नका विचारू. झाडूवालीले विचारा. आणि गेटापाशी बसा. पोरी बाहेर येतात का, आल्या तर परत कशा जातात, हसत जातात का गप, ते बघा."

काकाने संगीताच्या आईकडे बघितलं. ती चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बघायला काय जातं?"

दोघं एका बुधवारी शेअर जीपने गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा अर्धा पाडा त्यांच्या अंगणात जमला होता.

"जागा बरी हाय," देवजीकाका म्हणाला. "झाडूवाली आपलेच तिकडची, वारली समाजाचीच. ती बोलली, पोरींना रविवारचा सोडतात. चारदा विचारला, चारी वेळा तेच बोलली."

"मग मास्तर खरा निघाला," कुणीतरी म्हणालं.

"जागा बरी हाय बोललो. मास्तर बरा हाय असा कठं बोललो?"

पण त्याने संगीताला अकरावीत घातलं. मास्तरच्या सांगण्यावरून नाही, मी बघितलं म्हणून, असं तो प्रत्येकाला सांगायचा. अजून सांगतो.

पाड्यावरच्या बाकीच्यांना मात्र यात वेगळंच दिसलं. मास्तर पोरीच्या बापाला हद्दीपलीकडे का पाठवतो? एक वर्ष थांब म्हणतो ते कशासाठी? आता शाळेतल्या आणखी मुलींबद्दलही तो विचारतो म्हणे. इथून पुढचं मी ऐकलेलं आहे. कुणीतरी संस्थेकडे तक्रार केली. संस्थेची दोन माणसं येऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत बसली. त्यांनी सरांना विचारलं, शाळेत येण्याआधी काय करत होता. सर म्हणाले, काम करत होतो. कुठे? ठिकठिकाणी. कसलं? यावर सर म्हणाले, "मी आता काय करून राहिलो ते विचारा." हे उत्तर त्यांना उर्मट वाटलं. निकाल लागायच्या आधी सरांची बदली संस्थेच्या मोखाड्याकडच्या शाळेत झाली.

मला खूपदा वाटतं, त्या दिवशी त्यांनी सरळ सांगायला हवं होतं. जे असेल ते. सुपरवायझर असतील तर सुपरवायझर. आमच्याकडे अशी कामं करून सुधारलेली माणसं आहेत, कुणी त्यांना वाळीत टाकलं नाही. पण ज्या माणसाने आम्हाला समोरच्याची प्रत्येक गोष्ट विचारायला शिकवली, त्याला स्वतःला विचारलेलं एकही वाक्य सहन होत नव्हतं. का, ते मला माहीत नाही. आणि माहीत नसताना त्यांना देवमाणूस म्हणायला माझा हात धजत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तलासरीच्या स्टँडवर. मोटरसायकल टेम्पोतून पुढे पाठवली होती बहुतेक. पायाशी एक लोखंडी पेटी. मोखाड्याला जायची गाडी जव्हारला बदलावी लागते; समोरच्या एसटीवर 'जव्हार' असा ठळक बोर्ड होता. सर कंडक्टरला विचारत होते, "ही जव्हारलेच जाते ना? नक्की?"

"काका, बोर्ड वाचता येत नाही का?"

"वाचला. म्हणून विचारतो."

मला बघून थांबले. "कॉलेजात जाशील ना?"

"हो सर. डहाणूला."

"चांगलं आहे," ते म्हणाले. मग पेटी उचलायला मी हात लावला, तर त्यांनी दुसरी कडी आपल्या हातात घट्ट धरून ठेवली. आम्ही दोघांनी मिळून ती गाडीत चढवली. खिडकीत बसल्यावर त्यांनी हात केला नाही. ते ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होते, तो झोपलेला तर नाही ना असं बघितल्यासारखं.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. संगीता पुढच्या वर्षी त्या कोर्सला लागली हे मला घरून समजलं होतं. पांढऱ्या बुटांच्या बाईंनीच तिला घेतलं आणि नाव विचारल्यावर तिने या वेळी सांगितलं, यावर आमच्या घरी खूप हसणं झालं. सरांबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मागच्या महिन्यात देवजीकाका डहाणूला तहसील कचेरीत आला होता. काम झालं नाही, साहेब नव्हते. मी त्याला स्टेशनबाहेर चहा पाजला. बशीत चहा ओतता ओतता तो म्हणाला, "तुझा तो मास्तर आला होता."

"कठं?"

"तठं. पोरीचे हॉस्पिटलवर."

सर भर दुपारी गेटासमोर येऊन उभे राहिले होते. आत गेले नाहीत, कुणाला फोन केला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे बघत होते. झाडूवालीला काहीतरी विचारत होते. वॉचमनला संशय आला. त्याने हाताला धरून गेटाशी आणलं. सर म्हणाले, मी शिक्षक आहे, संगीताचा. मग संगीताला खाली बोलावलं. पांढऱ्या बुटांच्या बाई रजेवर होत्या, त्यामुळे सरांना ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

"वॉचमननं विचारलं, ओळखतेस? पोरगी बोलली, ओळखते, शिकवायचे आम्हाला. तो बोलला, मग आत सोडू? तर बोलली, नको."

"नको म्हणाली?"

"आई-बा सोडून कोणाला आत नको, अशी बोलली. त्याचे तोंडावर." काकाच्या आवाजात अभिमान होता. "मग स्वतः बाहेर गेली. रस्त्याचे पलीकडं उभी राहून त्याचेशी बोलली. वॉचमनला दिसंल अशी."

"काय बोलली?"

"ते नाय सांगत. थोडाच वेळ बोलली. मग मास्तर निघाला, आणि ही गेटात येऊन उभी राहिली. त्याची गाडी येईपर्यंत उभीच. तो चढला, गाडी वळली, तवर हलली नाय."

बशी रिकामी झाली होती. काकाने ती खाली ठेवली.

"तो खरंच गेला का ते बघत होती, का दुसरा काय होता," तो म्हणाला, "ते मी तिला विचारलं नाय."